पहिलं कॉन्ट्रिब्यूशन कुठं शोधायचं? लेकरांना काय सांगता तुम्ही?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. लातूरला एका कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांना शिकवतो. सप्टेंबर संपत आला की दरवर्षी तेच. कुणीतरी हॅक्टोबरफेस्टचा, म्हणजे ओपन सोर्सला (कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरला) काम पाठवायच्या ऑक्टोबरमधल्या मोहिमेचा, व्हिडिओ बघतं आणि मग सगळा वर्ग मागं लागतो: "सर, ओपन सोर्समध्ये कॉन्ट्रिब्यूशन करायचंय, इश्यू द्या." (इश्यू म्हणजे प्रकल्पात नोंदवून ठेवलेला दोष किंवा काम.)

लेकरं नेमकं काय करतात ते शेजारी बसून बघितलं. गिटहब (प्रकल्पांचा कोड ठेवायची वेबसाइट) उघडतात, नवख्यांसाठीचं "गुड फर्स्ट इश्यू" हे लेबल शोधतात, भाषा पायथन नाहीतर जावास्क्रिप्ट. पहिला इश्यू उघडला की खाली रांग लागलेली: "प्लीज असाइन धिस टू मी", त्याच्याखाली परत "प्लीज असाइन". दुसरा उघडावा तर त्याला आधीच दोन पुल रिक्वेस्ट ("माझा बदल आत घ्या" अशा विनंत्या) जोडलेल्या. तिसऱ्यातलं काहीच कळत नाही. तासाभरात उत्साह मावळतो. शेवटी कुणाच्या तरी रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख सांगणाऱ्या फाईलमध्ये) एक स्वल्पविराम घालून येतात आणि रिझ्युमेवर "ओपन सोर्स कॉन्ट्रिब्यूटर" लिहून मोकळे. त्यांना हसण्यात अर्थ नाही, आत कुठून शिरायचं ते कुणी दाखवलेलंच नाही.

वेबसाइटींची यादी नको, ती माझ्याकडं आहे. ज्यांनी कुणाला पहिल्यांदा हाताला धरून नेलंय त्यांनी सांगा, नवख्याला पहिलं काम कसं काढून देता? आमची लॅब जुनी आहे, नेट कधी असतं कधी नसतं, अर्ध्या मुलांकडं घरी लॅपटॉप नाही. हे धरून सांगा.

तेरणा_टर्मिनल (धाराशिव)

सर, नको म्हणालात तरी थोडी यादी टाकतोच, नंतर धागा वाचणाऱ्यांच्या कामी येईल. लेबल जागोजागी वेगळं असतं. लिबरऑफिसवाले "ईझी हॅक" म्हणतात, फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या बगझिलावर "गुड फर्स्ट बग", विकिपीडियावाल्या विकिमीडियाच्या फॅब्रिकेटरवर "गुड फर्स्ट टास्क", ग्नोम ह्या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये "न्यूकमर्स". गिटहबच्या बाहेरही जग आहे आणि तिथं चेंगराचेंगरी कमी. गिटहबवरच शोधायचं असेल तर आधी प्रकल्प ठरवा, मग त्याच्या पत्त्यापुढं तिरकी रेघ देऊन इंग्रजीत "काँट्रिब्यूट" टाइप करा, त्या प्रकल्पातले नवख्यांसाठीचे इश्यू तेवढे समोर येतात. अख्ख्या गिटहबवर लेबल शोधत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

सिडको_एन७ (संभाजीनगर, सध्या पुणे)

मी पलीकडच्या बाजूचा. एका बऱ्यापैकी वापरात असलेल्या कोड लायब्ररीचा मेंटेनर आहे, म्हणजे आलेलं काम तपासून आत घेणारा. (नाव सांगत नाही, उद्या सकाळी इनबॉक्स भरलेला नको.)

"गुड फर्स्ट इश्यू" लिहिणं आम्हाला महागात पडतं, हे बाहेरून कळत नाही. जी दुरुस्ती मी चहा गार व्हायच्या आत करू शकतो, तिच्यासाठी कोणती फाईल, कोणतं फंक्शन, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड) कुठं लिहायची, हे सगळं नवख्याला समजेल असं मांडायला त्याहून जास्त वेळ जातो. मग आलेला कोड तपासायचा, म्हणजे रिव्ह्यू. मग तो माणूस गायब. तरी लिहितो, कारण त्यातला एखादा टिकतो आणि वर्षभरानं दुसऱ्यांचे रिव्ह्यू करायला लागतो.

आता "प्लीज असाइन" बद्दल. ते वाचून मला फक्त एवढंच कळतं की ह्या माणसानं इश्यूचं शीर्षक वाचलं. त्याऐवजी असं लिहा: "तुमची अमुक आवृत्ती चालवून बघितली, माझ्याकडं पण हेच होतंय. अमुक फाईलमधलं अमुक फंक्शन रिकामी यादी आली तर तपासत नाही, गडबड तिथं असावी. तिथं एक तपासणी आणि एक टेस्ट घालतो, चालेल का?" असं लिहिणाऱ्याला मी जेवण बाजूला ठेवून उत्तर देतो. बऱ्याच प्रकल्पांत तर असाइन करायची पद्धतच नसते. "काँट्रिब्यूटिंग" नावाच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं, ती वाचायची.

हॅक्टोबरफेस्टचा विषय निघालाच आहे म्हणून. डिजिटलओशन ह्या क्लाउड कंपनीनं ते २०१४ ला सुरू केलं. २०२० मध्ये बक्षिसाच्या टी-शर्टच्या नादानं फालतू पुल रिक्वेस्टांचा एवढा खच पडला की महिना चालू असतानाच नियम बदलावा लागला: जो प्रकल्प स्वतःहून सामील होईल तिथलंच काम मोजायचं. २०२४ च्या फेब्रुवारीत एक्स्प्रेस ह्या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या रीडमीत स्वतःचं नाव घालायच्या रिक्वेस्टा येऊन पडल्या, त्यात आपल्याकडचीच पोरं जास्त. कारण काय, तर एका व्हिडिओत पुल रिक्वेस्ट कशी करायची ते दाखवताना तो प्रकल्प वापरला होता. पोरांनी दाखवलं तसं केलं. त्यांचा राग नाही, पण निस्तरावं लागलं ते एक्स्प्रेसवाल्यांना. नाव घालायचा सरावच करायचा असेल तर "फर्स्ट कॉन्ट्रिब्यूशन्स" ही रेपॉझिटरी (प्रकल्पाच्या कोडचा साठा) मुद्दाम त्यासाठीच आहे. तिथं खुशाल घाला.

गोदाकाठ (नांदेड)

सर, इश्यू शोधायला निघालात म्हणून सापडंना. मी लेकरांना पहिल्या दिवशी गिटहब उघडूच देत नाही.

पहिलं काम: रोजच्या वापरातलं ओपन सोर्स काय काय आहे ते लिहून काढा. व्हीएलसी, फायरफॉक्स, लिबरऑफिस निघतं. कॉलेजचं ऑनलाइन अभ्यासाचं मूडल निघतं. नीटची तयारी करणाऱ्या भावाच्या फोनमधलं पाठांतराचं अँकीड्रॉइड निघतं. दुसरं काम: त्यातलं एक निवडा, फोनची भाषा मराठी करा आणि आठवडाभर त्यातच मराठीत लिहा, शोधा, सेव्ह करा. जिथं अडेल तिथं स्क्रीनशॉट. बास. आठवड्यानं प्रत्येकाकडं काहीतरी असतंच, आणि त्याच्याखाली कुणाची "प्लीज असाइन" नसते, कारण ते अजून कुणी नोंदवलेलंच नसतं.

एक नमुना सविस्तर सांगतो. आमच्या इथल्या एका पोरीच्या घरी लग्न होतं आणि खर्च ती नोंदींच्या एका ॲपमध्ये लिहीत होती. "आचाऱ्यांचे पैसे" लिहून सेव्ह केलं की त्याचं "आचार्यांचे पैसे" होऊन बसायचं. आधी सगळ्यांना वाटलं कीबोर्ड सुधारणा करतोय. कीबोर्डचा काही दोष नव्हता. ऱ्य मधला तो अर्धा र युनिकोडात (कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्यापुढं हलन्त. दुसरं म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढं डोळ्याला न दिसणारा एक जोडक, शून्य रुंदीचा जॉइनर. तिचा कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेनं लिहायचा. आणि ॲपमध्ये सेव्ह करण्याआधी "अदृश्य अक्षरं साफ करा" असं एक फंक्शन होतं. वेबवरून चिकटवलेल्या मजकुरातला कचरा काढायला कुणीतरी सद्हेतूनं लिहिलेलं. काढायच्या यादीत हा जॉइनर पण होता. तो गेला की अर्धा र उडून डोक्यावर रफार जाऊन बसतो आणि स्वयंपाक्यांचे पैसे गुरुजींना मिळतात.

कोड हुडकायला तिला फार वेळ लागला नाही. जॉइनरचा युनिकोड क्रमांक रेपॉझिटरीत शोधला, नेमकी एकच फाईल निघाली. बदल म्हणाल तर यादीतून एक नोंद काढायची आणि एक टेस्ट घालायची. वेळ लागला तो समजावून सांगण्यात. मेंटेनर युरोपातला, देवनागरीशी त्याचा काय संबंध! दोन्ही शब्दांचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावले तरी त्याला फरक दिसंना. मग तिनं लिहिलं की आई-बाप-लेकरं असा कुटुंबाचा इमोजी ह्याच जॉइनरनं जोडलेला असतो, तुमच्या ॲपमध्ये तो सेव्ह करून बघा. त्यानं केला, कुटुंब फुटून सुटी माणसं झाली. त्याच संध्याकाळी मर्ज, म्हणजे बदल आत.

अशा जागा लई आहेत. "दुसऱ्या" एका तऱ्हेनं लिहिलेलं दुसऱ्या तऱ्हेनं शोधलं तर सापडत नाही, युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकच मजकूर एकाच रूपात आणणं) पण ह्या दोघांना एक करत नाही. प्रोफाइलच्या गोल चित्रात नावाचं पहिलं अक्षर दाखवतात तिथं क्षितिजाचं "क्" होतं. जोडाक्षर मधून तोडू नये हा नियम युनिकोडातच आला २०२३ ला, १५.१ आवृत्तीत, त्यामुळं जुन्या लायब्रऱ्या अजून तोडतात. फॉर्ममध्ये ४२ असं देवनागरीत लिहिलं तर पायथन ३ तो आकडा मुकाट्यानं घेतो, जावास्क्रिप्टचा रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुराचा साचा तपासायची सोय) अंकांचा नियम मात्र नाकारतो. मराठी पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा हिंदी लावलेली असते किंवा लावलेलीच नसते. ती मराठी केली की ज्या फॉन्टात सोय आहे तिथं ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. एका शब्दाचा बदल आहे हा. कॅलिफोर्नियातला कितीही हुशार माणूस असो, हे त्याला दिसणारच नाही. आपल्या लेकरांना नुसतं बघून दिसतं.

फक्त_मोबाईल (हिंगोली)

मी सेकंड इयरला आहे. लॅपटॉप नाही. लॅबमध्ये आठवड्यातून दोनदा बसायला मिळतं. इंग्रजी वाचता येतं, लिहायला भीती वाटते. गोदाकाठ सरांनी सांगितलं ते वाचून उत्साह आला, पण मेंटेनरला काय लिहू? चुकलं तर हसतील का?

सिडको_एन७

ताई, कुणी हसत नाही. निम्म्या मेंटेनरांचं स्वतःचं इंग्रजी शिकलेलं आहे, जन्मापासूनचं नाही. बग नोंदवताना चार गोष्टी: मी काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं, कोणता फोन आणि ॲपची कोणती आवृत्ती. छोटी वाक्यं. स्क्रीनशॉट. "रिस्पेक्टेड सर" नको, "आय ॲम अ बिगिनर" अशी लांबलचक प्रस्तावना नको. मराठीतून यंत्रानं भाषांतर करून घेतलं असेल तर शेवटी तसं एक ओळ लिही, उलट लोक जास्त सांभाळून उत्तर देतात.

तेरणा_टर्मिनल

मोबाईलवर काय जमतं ते सांगतो. गिटहबच्या वेबसाइटवर फाईल उघडून पेन्सिलच्या चिन्हावर टिचकी मारली की ती आपोआप फोर्क (आपल्या नावावर प्रत) करून देते, बदल लिहायचा आणि पुल रिक्वेस्ट पाठवायची. डॉक्युमेंटेशन आणि छोट्या दुरुस्त्यांना एवढं पुरतं. भाषांतर वेबलेट ह्या साइटवर फोनच्या ब्राउझरमधून नीट होतं, लिबरऑफिसचं भाषांतर पण तिथंच चालतं. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस ह्या आवाजांच्या संग्रहात मराठी आहे, तिथं वाक्यं वाचून आवाज द्यायचा किंवा दुसऱ्यांचे तपासायचे. कोड नाही तो, पण आपल्या बोलीचा आवाज तिथं गेला तर उद्या यंत्राला "काय करायलास" कळेल.

आता लॅब. सर, हे तुमच्यासाठी. लेकरं इश्यूवर अडत नाहीत, इथं अडतात:

गिटहबनं कमांड लाइनवर पासवर्ड घेणं २०२१ च्या ऑगस्टपासून बंद केलंय, टोकन (पासवर्डऐवजी गिटहबवरून काढायची लांब किल्ली) लागतं. जुन्या व्हिडिओत पासवर्ड टाकून दाखवतात, पोरगं तासभर पासवर्ड बदलत बसतं. मुख्य शाखेचं नाव नव्या रेपॉझिटरींत २०२० च्या ऑक्टोबरपासून "मेन" असतं, व्हिडिओत "मास्टर". कॉलेजच्या नेटवर एसएसएच ह्या जोडणीचा पोर्ट २२ बहुतेक अडवलेला असतो, एचटीटीपीएसनं क्लोन करा, म्हणजे कोड उतरवून घ्या. मोठी रेपॉझिटरी सगळ्या इतिहासासकट ओढू नका, क्लोन करताना डेप्थ १ द्या, नुसता आजचा कोड येतो. आणि लिबरऑफिस किंवा फायरफॉक्स लॅबच्या पीसीवर बिल्ड करायच्या (कोडपासून चालतं सॉफ्टवेअर बनवायच्या) भानगडीत पहिल्याच दिवशी पडू नका. पीसी रात्रभर गरम होईल, हाती काही येणार नाही. पहिला प्रकल्प असा घ्या की ज्याच्या टेस्ट त्या पीसीवर चालतात.

मांजराकाठ

पासवर्डचं अगदी खरं आहे. त्यात एक भर घालतो. लॅबच्या पीसीवर गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) नाव आणि ईमेल आधीच्या कुणाचं तरी साठवलेलं असतं. आमच्याकडं एका बॅचच्या सगळ्या कमिट (साठवलेले बदल) पास होऊन गेलेल्या एका मुलाच्या नावावर जात होत्या. तो बिचारा हैदराबादला नोकरी करतोय, त्याला वाटलं अकाउंट हॅक झालं. आता तासाला बसलं की आधी नाव-ईमेल तपासायचं आणि उठताना विंडोजमधला साठवलेला लॉगिन काढायचा, असा नियम केलाय. ईमेल पण खरा द्यायचा नाही, गिटहब जो नो-रिप्लाय पत्ता देतं तो. कमिटमधला ईमेल जगाला दिसतो, विशेषतः मुलींना हे आधी सांगायला पाहिजे.

बालाघाट (बीड)

सगळं छान. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. भाषांतर, ऱ्य चा र, मराठी आकडे, ह्यानं नोकरी लागते का? पुण्यात मुलाखतीला डेटा स्ट्रक्चर विचारतात. आमच्या भागातल्या पोराला शेती विकून शिकवलेलं असतं. त्याला "ल चं वळण" दुरुस्त करायला लावू नका, गूगल समर ऑफ कोडकडं (ओपन सोर्समध्ये मेंटॉरच्या हाताखाली काम करायचा गूगलचा कार्यक्रम) वळवा, तिथं पैसे तरी मिळतात.

गोदाकाठ

राग कशाचा, दादा. पण समर ऑफ कोडला निवड कशी होते ते बघा. प्रस्ताव लिहायच्या आधी त्या प्रकल्पात चार-दोन छोटी कामं केलेला माणूस आणि थेट अर्ज टाकणारा, ह्यात मेंटॉर कुणाला घेईल? पहिल्याला. म्हणजे वाट इथूनच जाते. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अट पण काढलीय, मग चुरस आणखी वाढली.

आणि भाषांतरातून कोडात कसं शिरता येतं ते दाखवतो. इंग्रजीत वाक्य असतं, "कॉपीड इतक्या फाइल्स टू अमुक फोल्डर". कोडात त्या जागी परसेंट-डी (आकड्याची खूण) आणि परसेंट-एस (मजकुराची खूण). मराठीत आपण आधी फोल्डर म्हणतो: "अमुक फोल्डरमध्ये इतक्या फायली कॉपी केल्या." भाषांतर करणाऱ्यानं दोन खुणांची नुसती अदलाबदल केली तर सी भाषेतला प्रोग्राम आकड्याला मजकूर समजून कोसळतो. खुणांना क्रमांक द्यावे लागतात, पहिला कोण दुसरा कोण. काही ठिकाणी तर प्रोग्रामरनं वाक्याचे तुकडे करून जोडलेले असतात, ते मराठीत कसंही फिरवलं तरी नीट होत नाही. मग कोडच बदलावा लागतो. भाषांतर करायला बसलेलं लेकरू त्या दिवशी फंक्शन उघडतं.

सिडको_एन७

मुलाखती मी घेतो. डेटा स्ट्रक्चर विचारतो, खरं आहे. पण रिझ्युमेवर मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्टचा दुवा असेल तर कोडच्या आधी मी खालचं संभाषण वाचतो. रिव्ह्यूत "हे असं नको" म्हटल्यावर हा काय म्हणाला? वाद घातला, गप्प बसला, की समजून घेऊन बदललं? हे दुसऱ्या कुठल्याच परीक्षेत दिसत नाही.

बालाघाट

ठीक. तरी आधी डेटा स्ट्रक्चर, मग र. माझं मत बदललेलं नाही.

खाम_नदी (संभाजीनगर)

एवढा खटाटोप कशाला? इश्यू एआयला द्यायचा, कोड घ्यायचा, पुल रिक्वेस्ट टाकायची.

सिडको_एन७

टाका. मग मी विचारणार, ही ओळ का? तिथं उत्तर पण एआयकडून आणलं तर दुसऱ्या वाक्यात कळतं. जेंटू ह्या लिनक्सवाल्यांनी २०२४ च्या एप्रिलमध्ये एआयनं लिहिलेलं काही घेणारच नाही असं ठरवलं. कर्ल ह्या नेटवरून डेटा आणायच्या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग एआयनं रचलेल्या खोट्या सुरक्षा-अहवालांबद्दल २०२४ पासून जाहीर तक्रार करतायत. दुसऱ्याचा कोड समजून घ्यायला वापरा की, फाईल कुठली काय करते ते विचारा. प्रत्येक प्रकल्पाचा नियम वेगळा आहे, आधी तो वाचा.

फक्त_मोबाईल

सर, मी बग नोंदवला! खर्चाच्या एका ॲपमध्ये महिन्यांची नावं मराठीत "सप्" आणि "ऑक्" अशी दिसतात. मी चार गोष्टी लिहिल्या, स्क्रीनशॉट लावला. मेंटेनरचं उत्तर आलं. त्यांनी आभार मानले आणि विचारलं की मेन शाखेवरच्या ताज्या बिल्डमध्ये पण असंच होतंय का. माझ्याकडं कॉम्प्युटर नाही, बिल्ड कसं करू?

गोदाकाठ

वा! कारण पण लिहून टाक: नावाची पहिली तीन अक्षरं कापतायत. आपल्यात हलन्त आणि मात्रा पण त्या तीनात मोजल्या जातात, म्हणून सप्टेंबरचं सप् झालं. कापायचं नाही, सिस्टिमलाच छोटं नाव मागायचं. युनिकोडच्या सीएलडीआरमध्ये (प्रत्येक भाषेतल्या महिने-तारखांच्या नावांचा साठा) मराठीसाठी "सप्टें", "ऑक्टो" असं तयार आहे.

तेरणा_टर्मिनल

बिल्ड करायची गरज नाही. रेपॉझिटरीत "ॲक्शन्स" (आपोआप होणाऱ्या बिल्डची यादी) उघड, मेन शाखेवरची हिरवी खूण असलेली सगळ्यात वरची नोंद घे, खाली "आर्टिफॅक्ट्स" मध्ये बहुतेक एपीके (ॲपची फाईल) असते. लॉगिन केलेलं पाहिजे, नाहीतर डाउनलोड होत नाही. तिथं नसेल तर मेंटेनरलाच मागायची, त्यात संकोच नको.

टाकायच्या आधी ॲपमधला खर्चाचा डेटा एक्स्पोर्ट करून ठेव. काही प्रकल्पांत टेस्ट बिल्ड वेगळं ॲप म्हणून शेजारी बसतं, तसं असलं तर चिंता नाही. पण "इन्स्टॉल झालं नाही" असं आलं तर बहुतेक ॲपची डिजिटल सही जुळत नाही म्हणून आलं. अशा वेळी वैतागून जुनं ॲप काढू नको, सगळा हिशोब जाईल. मैत्रिणीच्या फोनवर टाकून बघ आणि तिच्या फोनचं मॉडेल उत्तरात लिही.